आधी पाणी, मग ऊन : कोल्हापुरातील कौलारू माळ्याच्या उष्णतारोधनाचे अंदाजपत्रक

कोल्हापूरच्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, उत्तरेश्वर पेठ अशा जुन्या भागांत जी घरे अद्याप स्लॅबची झालेली नाहीत, त्यांचा माथा बहुधा एकाच पद्धतीने रचलेला आढळतो. आढ्यापासून दोन्ही पाखी वळचणीपर्यंत उतरतात, वाशांवर रिपा आणि रिपांवर मंगलोरी कौले बसवलेली असतात, आणि खोलीच्या डोक्यावर लाकडी फळ्यांची तक्तपोशी घालून वरची त्रिकोणी पोकळी माळा म्हणून राखलेली असते. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कारखाना काढल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर पसरलेले हे खाचेचे कौल नळीच्या कौलापेक्षा पाणी अधिक चांगले अडवते, परंतु ते पातळ असल्यामुळे उन्हापुढे त्याचा निभाव लागत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेले कौल आपली उष्णता दोन मार्गांनी खाली देते : एक, माळ्यातील हवा तापवून, आणि दुसरा, हवेला न जुमानता थेट तक्तपोशीवर प्रारण टाकून, म्हणजे तापलेल्या पृष्ठभागापासून समोरच्या पृष्ठभागाकडे किरणांच्या रूपाने उष्णता पाठवून.

या माळ्यात उष्णतारोधक थर घालावा काय, घालावा तर कोठे, केव्हा आणि किती खर्चाने, या प्रश्नावर येथे दोन भूमिका समोरासमोर ठेवल्या आहेत. दोन्ही पात्रे प्रातिनिधिक आहेत. एक म्हणजे अशा घराचे कर्ते वडीलधारे गृहस्थ, ज्यांना घरात आबा म्हणतात आणि ज्यांनी अनेक वर्षे या छपराची शाकारणी स्वतः उभे राहून करवून घेतली आहे, आणि दुसरी त्यांची पुतणी, जी स्थापत्य अभियंता आहे. घर उदाहरणासाठी ३० फूट लांब आणि २० फूट रुंद धरले आहे, त्यामुळे तक्तपोशीचे क्षेत्रफळ ६०० चौरस फूट होते, तर ३० अंशांच्या उतारामुळे आणि वळचणीच्या बाहेर आलेल्या भागामुळे छपराचे क्षेत्रफळ सुमारे ७५० चौरस फूट भरते. हा फरक पुढे हिशेबात येतो.

पुतणी आपली बाजू आकड्यांनी मांडते. तिचा आधार यू-मूल्य हा आहे. छताच्या दोन बाजूंच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना त्या छताच्या एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता पार होते, ते सांगणारा हा आकडा असून तो जितका लहान तितके छत चांगले. ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये नव्या निवासी इमारतींसाठी जी इको-निवास संहिता आणली, तिच्यात छताच्या यू-मूल्याची कमाल मर्यादा १.२ ठेवली आहे. "आबा, आपली २० मिलिमीटरची तक्तपोशी या मोजमापाने दोनच्या आसपास जाते. माळ्यातील हवा ४५ अंश आणि खोली ३३ अंश धरली, तर सहाशे फुटांतून दुपारी सुमारे १४०० वॅट उष्णता खाली उतरते. त्या फळ्यांवर फक्त ५० मिलिमीटर रॉकवूल अंथरले, तर तोच आकडा ३९० वॅटच्या आत येतो."

रॉकवूल म्हणजे दगड वितळवून काढलेल्या बारीक तंतूंची लोकर. तिच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा हलू शकत नाही आणि स्थिर हवा उष्णतेची वाईट वाहक असल्याने रोधनाचे काम खरे तर ती हवाच करते. याच कारणाने थर दुप्पट केल्याने फायदा दुप्पट होत नाही. पहिले ५० मिलिमीटर सुमारे १००० वॅट अडवतात, तर दुसरे ५० मिलिमीटर त्यात जेमतेम १६० वॅटांची भर घालतात. ज्या थंड देशांत घरातील ऊब बाहेर जाऊ नये म्हणून माळ्यावर फूटभर जाडीचा थर घालतात, तेथील जाडी कोल्हापुरात आणण्याचे कारण नाही.

आबांचा पहिला आक्षेप हा की, थर ही नवी गोष्ट नव्हेच. "पूर्वी तक्तपोशीवर मातीचा थर होता, त्यावर भाताचा पेंढा रचलेला असे, आणि खाली दुपारी झोप लागत असे. लाकडाला भार नको म्हणून माती काढली, गुरे गेली म्हणून पेंढा गेला, आणि आता त्याच जागी विकतचा थर घालायचा म्हणतेस." ही तक्रार तपासून पाहण्याजोगी आहे. ७५ मिलिमीटर मातीचा थर वरच्याच हिशेबात धरला, तर खाली येणारी उष्णता १४०० वरून सुमारे १०५० वॅटवर येते, म्हणजे रोधक म्हणून माती लोकरीच्या जवळपासही पोचत नाही. तिचे खरे सामर्थ्य वस्तुमानात असते. दुपारची उष्णता ती आपल्यात साठवून घेते आणि कित्येक तास उशिराने खाली देते. पेंढा मात्र, त्यात अडकलेल्या हवेमुळे, चांगलाच रोधक होता, आणि बैलांसाठी साठवलेली ती वैरण उन्हाळाभर घराचेही रक्षण करीत होती.

तरीही मातीकडे परत जाण्याचा मार्ग बंदच समजावा. सहाशे फुटांवरील ७५ मिलिमीटर मातीचे वजन साडेसहा टनांच्या वर जाते, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा हादरा सोसलेल्या प्रदेशात डोक्यावर एवढा भार ठेवणे धोक्याचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीत जी माणसे गेली, त्यांतील बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरील जड माळवदे यांच्याखाली सापडून गेली. पेंढ्याबाबत आगीची आणि उंदरांची भीती आहे. आबा हे दोन्ही मान्य करतात.

दुसरा आक्षेप अधिक मर्माचा आहे, आणि तो पैशाचा आहे. "या थरामुळे वीज वाचते असे दुकानदार सांगतो. किती वाचते, ते तू सांग." पुतणीचा हिशेब येथे तिच्याच विरुद्ध जातो. अडवलेल्या १००० वॅट उष्णतेसाठी वातानुकूलन यंत्राला साधारण एक-तृतीयांश, म्हणजे सुमारे ३३० वॅट वीज लागली असती. संपूर्ण सहाशे फुटांत यंत्रे लावून रोज ६ तास, उन्हाळ्याचे ७५ दिवस ती चालवली असे धरले, तरी वाचणारी वीज दीडशे युनिटांच्या आत राहते, आणि युनिटला १० रुपये धरल्यास वर्षाची बचत दीड हजार रुपयांपलीकडे जात नाही. लोकरीचा खर्च २४ हजार रुपये धरला, तर तो फिटायला सोळा वर्षे लागतील. एकाच शयनगृहात यंत्र असेल, तर तो त्या घराच्या हयातीत फिटणारच नाही.

कोल्हापूरच्या हवेत माळ्याचा थर विजेच्या बिलातून पैसे परत करतो, हे विधान म्हणूनच टिकत नाही आणि अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत ते येता कामा नये. येथे उन्हाळा कडक असतो, पण तो सुमारे अडीच महिन्यांचा असतो, आणि मेमध्येही रात्री पारा बहुधा २२-२३ अंशांपर्यंत उतरतो. पुतणी आपला मुद्दा त्यामुळे दुसऱ्या पायावर उभा करते. वरच्या मजल्यावरील खोल्या एप्रिल-मेमध्ये दुपारी वापरातून जातात. घरातील म्हाताऱ्या माणसाला आणि अभ्यास करणाऱ्या मुलाला खाली यावे लागते. आणि अंगाला जाणवणारी उष्णता केवळ हवेची नसून तापलेल्या तक्तपोशीच्या प्रारणाचीही असल्यामुळे पंखा लावूनही तलखी जात नाही. "आबा, हा खर्च बिलासाठी नाही. घराच्या दोन खोल्या वर्षातून अडीच महिने गमवायच्या की नाही, एवढाच प्रश्न आहे." हे उत्तर प्रामाणिक आहे, आणि दुकानातील दाव्यापेक्षा भक्कमही आहे.

आता पावसाकडे वळले पाहिजे, कारण या विषयाचा गाभा तेथे आहे. मंगलोरी कौल खाचेत बसते, पण दोन कौलांमधील सांधा पूर्ण बंद नसतो. जुलैच्या वाऱ्यासोबत आडवा येणारा पाऊस त्यातून तुषारांच्या रूपाने आत शिरतो, शिवाय कौल स्वतः पाणी शोषून ओले राहते. उघड्या माळ्यात हे पाणी तक्तपोशीवर पडते, वाऱ्याने सुकते, आणि फार तर फळीवर डाग ठेवते. लोकरीचा थर घातल्यावर तेच पाणी तिच्या तंतूंत मुरते, स्थिर हवेची जागा पाणी घेते, रोधन जवळजवळ नाहीसे होते, आणि ओली लोकर फळीवर चार महिने पडून राहिल्याने लाकूड कुजू लागते व वाळवीला आमंत्रण मिळते. गळती खालून दिसत नाही हे त्याहून वाईट, कारण पूर्वी पहिल्याच थेंबाला घरातले माणूस वर बघत असे. आबांचे म्हणणे असे : "छप्पर घराशी बोलत असते. तू त्याचे तोंड बांधतेस."

पुतणी ही अडचण नाकारत नाही, मात्र तिच्यावरून थर नको असा निष्कर्ष निघत नाही, एवढे ती दाखवून देते. तिच्या मते यातून निघतो तो कामाचा क्रम. प्रथम कौले उतरवून, घासून, फुटकी बदलून आणि किडलेल्या रिपा काढून ती परत बसवावीत. कोन्यांचा, म्हणजे आढ्यावरील कौलांचा, चुना किंवा सिमेंट नव्याने भरावे. आणि त्यानंतर लोकर न घालता एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा. जून ते सप्टेंबर या काळात मोठ्या पावसानंतर माळ्यावर विजेरी घेऊन जावे, जेथे ओल दिसेल तेथे वाशावर खडूने खूण करावी, आणि त्या खुणा दुरुस्त झाल्यावरच ऑक्टोबरात लोकरीची खरेदी करावी. बाजारात प्रचलित असलेली पद्धत याच्या बरोबर उलट आहे. उन्हाळ्याने कंटाळलेले घर एप्रिलमध्ये दुकानात जाते, मेमध्ये तक्तपोशीखाली पीव्हीसीचे किंवा पीओपीचे फॉल्स सीलिंग ठोकून घेते, आणि जूनमध्ये त्याच्या वर काय चालले आहे ते कोणालाच कळत नाही. मे महिन्यात शाकारणीसाठी सगळे गाव एकाच वेळी सुतार-गवंडी शोधत असते आणि वळवाचा पाऊस कोणत्याही संध्याकाळी उतरू शकतो, हेही ध्यानात घेतले, तर कौले उतरवण्याचा योग्य काळ जानेवारी ते मार्चचा पूर्वार्ध हाच ठरतो.

वायुवीजनाबाबत दोघांचे मत जवळ येते. माळ्यातील तापलेली हवा आढ्यालगत साचते. वळचणीशी हवा आत येण्यास आणि आढ्याजवळील त्रिकोणी भिंतीत ती बाहेर जाण्यास जाळीदार झरोके ठेवले, तर ती आपोआप वाहू लागते. त्यामुळे माळ्याचे तापमान ४५ ऐवजी ३९ अंशांवर आले, तर खोलीशी असलेला फरक १२ वरून ६ अंशांवर येतो आणि हवेमार्फत खाली उतरणारी उष्णता निम्मी होते, तीही आठ-दहा हजारांच्या खर्चात. झरोक्यांनी कौलाचे प्रारण थांबत नाही, म्हणून लोकरीची गरज संपत नाही. परंतु ओल सुकवण्याचे जे काम वारा करतो, ते लोकर कधीच करणार नाही. जाळी मात्र बारीक हवी, नाहीतर पाकोळ्या आणि उंदीर त्या लोकरीत घर करतात.

चकचकीत ॲल्युमिनियमचे पत्रे किंवा फॉइल प्रारण अडवण्यात प्रभावी असते, कारण ते आपल्यावर पडलेले बहुतेक प्रारण परतवते आणि स्वतः फारच थोडे देते. अट एवढीच की, त्याच्या चकचकीत बाजूसमोर हवेची पोकळी असली पाहिजे आणि त्या बाजूवर धूळ साचता कामा नये. त्यामुळे ते तक्तपोशीवर अंथरण्यात अर्थ नाही. वाशांखाली, चकचकीत बाजू खाली करून ताणले, तर ते टिकते. थर्माकोल आणि पफ, म्हणजे पॉलियुरेथेनचा फेस, स्वस्त किंवा सोयीचे वाटले, तरी दाट वस्तीतील लाकडी घरात ते नकोत, कारण ते पेटतात आणि त्यांचा धूर विषारी असतो. रॉकवूल पेटत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे शाहू महाराजांच्या काळातील पॅलेस थिएटर, आगीत सापडले आणि त्याचे छप्पर गेले. जुन्या लाकडी माथ्याखाली राहणाऱ्या या शहराला त्यानंतर आगीचा मुद्दा समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. माळ्यातील जुन्या तारा लोकरीखाली गाडल्या, तर त्यांची उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून वायरिंग बदलण्याचा खर्च लोकरीच्या आधी धरावा लागतो.

आबांचा आणखी एक मुद्दा असा आहे, जो कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानतात, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. नदीकाठच्या पेठांत आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या सखल भागांत अशा वेळी धान्य, कागदपत्रे, अंथरुणे यांना जागा माळ्यावरच मिळते. "महापुरात माळा म्हणजे घरातले घर. तेथे लोकर अंथरून ठेवलीस, तर पोती कोठे ठेवायची?" लोकरीवर ओझे ठेवले की ती दबते, जाडी कमी होते, आणि तिच्यातील हवेबरोबर तिचा गुणही जातो, म्हणून हा प्रश्न केवळ सोयीचा नसून तांत्रिकही आहे.

त्यावर दोन तोडगे संभवतात. एक म्हणजे थर तक्तपोशीवर न घालता वाशांच्या खालून, छपराच्या उतारावर लावायचा, ज्यामुळे सबंध माळा मोकळा आणि थंड राहतो. परंतु तेव्हा सहाशेऐवजी, वळचणीचा बाहेरचा भाग सोडून, सुमारे सातशे फूट उताराला थर लावावा लागतो, त्याला खालून आधार द्यावा लागतो, आणि गळतीची जागा तर लोकरीच्या थेट डोक्यावर येते. दुसरा म्हणजे थर तक्तपोशीवरच ठेवून, जेथे सामान ठेवायचे तेवढ्याच भागात लोकरीच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या उभ्या करून त्यांवर फळ्या टाकायच्या, म्हणजे भार पट्ट्यांवर जातो आणि लोकर मोकळी राहते. पुतणी दुसऱ्याच्या बाजूने आहे आणि या लेखाचाही कल तिकडेच आहे, कारण पावसाच्या प्रदेशात गळती आणि लोकर यांच्यामध्ये जितके अंतर तितके चांगले.

अंदाजपत्रक या चर्चेनंतरच मांडता येते. पुढील दर पद्धत दाखवण्यासाठी धरलेले गोल आकडे आहेत. प्रत्यक्षात तीन ठिकाणची दरपत्रके घेऊन ते बदलावेत. ७५० चौरस फूट कौले उतरवणे, बदलणे आणि परत बसवणे यासाठी फुटाला ८० रुपये धरल्यास ६० हजार होतात. वायरिंगला १५ हजार, झरोके आणि जाळ्यांना ८ हजार. ६०० फूट लोकर, तिच्याखाली तंतू झडू नयेत म्हणून घालायचे वाफ जाऊ देणारे कापड आणि मजुरी मिळून फुटाला ४० प्रमाणे २४ हजार. २०० फूट फळ्यांना ९० प्रमाणे १८ हजार. ही बेरीज सव्वा लाख होते, आणि तिच्यावर वीस टक्के, म्हणजे २५ हजार रुपये, अनपेक्षित खर्चासाठी राखले की दीड लाख. यात ज्या वस्तूच्या नावाने हे सगळे काम ओळखले जाते, त्या लोकरीचा वाटा एक-षष्ठांशापेक्षाही कमी आहे. ज्या अंदाजपत्रकात तो वाटा निम्म्याच्या वर दिसेल, त्यात छपराची दुरुस्ती राहून गेली आहे असे खुशाल समजावे.

राखीव रक्कम पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही टप्प्यांत वाटू नये, ती सगळी पहिल्याच टप्प्यात ठेवावी, असा आबांचा आग्रह आहे, आणि तो अनुभवाचा आहे. लोकरीच्या भावात फारसे अनपेक्षित काही नसते. पण आढ्याखालचे लाकूड कसे आहे, ते कौले उतरल्याशिवाय कळत नाही, आणि एखादा वासा आतून पोखरलेला निघाला, तर तो त्याच दिवशी बदलावा लागतो. या मांडणीने पहिल्या वर्षी १ लाख ८ हजार आणि पावसाळ्यानंतर ४२ हजार असे दोन हप्ते पडतात, ज्यामुळे कर्ज काढण्याची वेळही बहुधा येत नाही. पहिला टप्पा झाल्यावर पैसे संपलेच, तरी घराचे नुकसान काही नाही. छप्पर दुरुस्त झालेले असते आणि झरोक्यांनी उन्हाळा काहीसा सुसह्य झालेला असतो. उलट क्रमाने हे म्हणता येत नाही.

स्लॅबच्या घरांसाठी हा हिशेब वेगळा आहे. १५ सेंटिमीटर स्लॅबचे यू-मूल्य तीनच्या वर असते, तेथे माळा नसतो, आणि गच्चीवर ब्रिकबॅट कोबा करताना त्याखाली रोधक फलक घालणे किंवा पृष्ठभाग पांढरा राखणे हे उपाय प्रथम येतात. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे जे धोरण आणले, त्याचा भर या पांढऱ्या, परावर्तक छतांवरच आहे. कौलांना पांढरा रंग देऊन मात्र उपयोग थोडा, कारण एका पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढते.

एक मतभेद शिल्लक राहतो. महापुराचा विचार करता फळ्यांची जागा दोनशे नव्हे, साडेतीनशे फूट हवी, असे आबांना वाटते. त्यासाठी आणखी साडेतेरा हजार रुपये लागतात. पुतणीच्या मते तेवढ्या जागेत ठेवायचे सामान तक्तपोशीच्या तुळयांना पेलेल की नाही, हे आधी तपासले पाहिजे, आणि ते तुळयांची टोके भिंतीत कोठवर शाबूत आहेत ते पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. जानेवारीत कौले उतरतील तेव्हा सुताराला त्या टोकांशी टोकदार हत्याराने टोचून पाहण्यास सांगायचे आणि राखीव रकमेतून काही उरले, तर जादा फळ्यांचा निर्णय तेव्हा घ्यायचा, यावर दोघे थांबतात.